प्रदर्शनाच्या तोंडावर जुनिपरची एकच फांदी पिवळी पडते तेव्हा

ऑक्टोबरात माझं जुनिपरचं बोन्साय, म्हणजे कुंडीत लहान ठेवून वाढवलेलं झाड, झकास असतं. डिसेंबर अर्धा सरला की डावीकडची खालची फांदी मलूल दिसायला लागते, जानेवारीत आतून पिवळी पडते आणि प्रदर्शनात ती बाजू भिंतीकडे करून ठेवावी लागते. बाकीचं झाड मात्र हिरवंगार. उन्हाळ्यात फांदी सावरते, पावसाळ्यात भरते, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्याकडे हे लागोपाठ तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी कारण सापडलं. तुमच्याकडे जुनं जुनिपर असेल आणि त्याची नेमकी एकच फांदी दर वर्षी रुसत असेल, तर कारण हेच असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी झाडाची ओळख करून देते. चायनीज जुनिपर, खवल्यांसारख्या पानांचं सदाहरित सूचिपर्णी झाड. सासऱ्यांनी १९८० च्या दशकात नर्सरीतून झुडूप म्हणून आणलं होतं. उंची कुंडी सोडून ६२ सेंटिमीटर. खोडाच्या समोरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत शारी, म्हणजे साल गेलेलं उघडं पांढरं लाकूड. त्या शारीच्या दोन्ही अंगांनी दोन जिवंत शिरा, म्हणजे साल शाबूत असलेल्या पट्ट्या, वर चढतात. उजवीकडची मनगटाएवढी जाड, ती पिळा घेत थेट शेंड्यापर्यंत जाते. डावीकडची जेमतेम दोन बोटं रुंद, आणि ती फक्त त्या खालच्या डाव्या फांदीला पोसते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी तीन वर्षं ठेवलं नाही.

पहिला संशय लाल कोळ्यावर, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर. पुण्याच्या कोरड्या हवेत जुनिपर म्हटलं की कोळी आलाच, त्यामुळे संशय अगदीच चुकीचा नव्हता. तपासायची रीत सोपी आहे: फांदीखाली पांढरा कागद धरायचा, फांदीवर दोन टिचक्या मारायच्या आणि कागदावर पडलेल्या धुळीकडे मिनिटभर बघत बसायचं. धूळ चालायला लागली तर कोळी. बोटाने पुसल्यावर लालसर किंवा हिरवट रेघ उठली की खात्री. पहिल्या वर्षी चार-पाच सापडले. तीन दिवसांच्या अंतराने पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारला, मग विरघळणारं गंधक फवारलं. (गंधक भर उन्हात मारू नका, आणि कडुनिंबाचं किंवा कुठलंही तेल फवारलेलं असेल तर मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात.) कोळी गेले, फांदी पिवळीच राहिली. दुसऱ्या वर्षी कागद स्वच्छ होता, तरी फांदी पिवळी. खरं तर कोळी लागला की पान राखाडी, धुरकट, बारीक ठिपक्यांचं होतं आणि रोग हळूहळू झाडभर पसरतो. एकच फांदी निवडून तिच्यावरच मुक्काम करण्याइतका कोळी चोखंदळ नसतो.

दुसरा संशय नैसर्गिक पानगळीचा. थंडीच्या सुरुवातीला जुनिपर आतली जुनी पानं टाकतं, ती तपकिरी होऊन झडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण ती गळ सगळ्या फांद्यांवर सारखी असते आणि टोकं टवटवीत राहतात. माझ्या फांदीची टोकंसुद्धा चमक गमावून बसली होती. जुनिपरमध्ये ही चमक फार बोलकी असते. पिवळेपणा नंतर येतो, आधी हिरवा रंग निस्तेज होतो, जरा राखाडीकडे झुकतो आणि पान हाताला कोरडं लागतं. हे झाड दुखणं उशिरा दाखवतं. मुळं गेल्यावरही पान कित्येक आठवडे हिरवं राहू शकतं. म्हणजे डिसेंबरात दिसलं ते डिसेंबरात झालेलं नव्हतं.

तिसरा संशय उन्हाचा. डावी बाजू गच्चीच्या कठड्याकडे होती, म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवली. काही फरक नाही. मग खत देऊन पाहिलं, तेव्हा फांदी आणखी उतरली. मग वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज सकाळी त्या बाजूला एक तांब्या जास्त ओतायला सुरुवात केली. नवरा म्हणाला, “हे झाड माझ्यापेक्षा जास्त पाणी पितं.” त्याला काय म्हणायचं होतं ते सोडा, पण बरोबर तोच होता. पाणी कमी पडलेली फांदी आणि पाण्यात बुडून कुजणाऱ्या मुळांवरची फांदी दिसायला सारख्याच, कारण दोन्हीकडे पानांपर्यंत पाणी पोचत नाही. नुसत्या पानाकडे बघून यातलं काय झालंय ते ओळखता येत नाही. मातीत हात घालावा लागतो.

काड्यांची चाचणी

यासाठी खर्च शून्य. बांबूच्या तीन काड्या घ्या, कबाबाच्या चालतील. एक खोडाच्या उजवीकडे, एक मागे, एक डावीकडे अशा जवळजवळ कुंडीच्या तळापर्यंत खुपसा. मुळांना धक्का लागेल असं वाटलं तर हळूच जागा बदला. अर्ध्या तासाने ओढून काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. मी ही चाचणी पाणी बंद केल्याच्या चौथ्या दिवशी केली. उजवीकडची काडी कोरडी, तळाशी जरा दमट. मागची दमट. डावीकडची मात्र खालचा चार सेंटिमीटर भाग काळा पडून बाहेर आली, वर लोण्यासारखा चिखल चिकटलेला. वास घेतला. तुंबलेल्या मोरीचा वास. चार दिवस पाण्याचा थेंब नाही, आणि तरी त्या एका कोपऱ्यात चिखल.

आता शिरेकडे वळते. आंब्या-पिंपळासारख्या झाडाचं एक मूळ गेलं तर त्याचा भार बाकीची मुळं बऱ्यापैकी वाटून घेतात. म्हाताऱ्या, शारी असलेल्या जुनिपरमध्ये ही वाटणी फारच कमी. साल गेलेल्या भागाने खोडाचे जणू वेगवेगळे नळ केलेले असतात. ठरावीक मुळं, त्यांच्यावरची शीर, त्या शिरेवरची फांदी, अशी एक ओळ. म्हणून एकच फांदी पिवळी पडली की तिच्यापासून बोट ठेवून शिरेवरून खाली यायचं, शीर पिळा घेत मागे गेली तर तिच्यामागे जायचं, आणि ती जिथे मातीत शिरते तिथे उकरायचं. शीर पिळलेली असेल तर डाव्या फांदीची मुळं उजवीकडेही निघू शकतात, तेव्हा अंदाजाने उकरू नका. माझी शीर सरळ होती आणि थेट त्या चिखलात जात होती.

तो चिखल आला कुठून? नर्सरीतून. आपल्याकडची बहुतेक रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यात वाढवलेली असतात. सासऱ्यांनी आणि त्यांच्यानंतर मी दर तीन-चार वर्षांनी कुंडी बदलली, कडेची मुळं छाटली, भोवती चांगलं मिश्रण भरलं. पण खोडाच्या डाव्या बुंध्याखालचा मूळ गोळा, मोठ्या मोसंबीएवढा, कोणीच काढला नव्हता. जुनं झाड, मुळं दुखावतील, राहू दे. तीस-पस्तीस वर्षं तो तसाच तिथे होता.

मग दर वर्षी डिसेंबरातच का?

मला सगळ्यात जास्त चकवलं ते यानेच. गोळा बारा महिने आहे, तर फांदी बारा महिने का रुसत नाही? उत्तर माझ्याच तयारीत होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी प्रदर्शनासाठी पॅड (फांदीवरचे पाल्याचे थर) विरळ करायचे, जवळजवळ तिसरा हिस्सा पाला काढायचे. पाला कमी झाला की झाड पाणी कमी ओढतं. त्यात थंडी सुरू, बाष्पीभवन कमी. पाणी घालायची माझी सवय मात्र ऑक्टोबरचीच. आणि वर कडी म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला मी कुंडीतल्या मातीवर शोभेसाठी शेवाळ लावायचे, ते प्रदर्शनापर्यंत छान पकडावं म्हणून दिवसातून दोनदा फवारायचे. बाकीची कुंडी हे सगळं सहन करत होती, कारण तिथे पाणी वाहून जात होतं. गोळ्यात ते साठत होतं. प्रदर्शन संपलं की शेवाळ निघायचं, मार्च-एप्रिलच्या उन्हात गोळा सुकायचा, नवी मुळं फुटायची, फांदी सावरायची. पावसाळ्यात तर शारीचं लाकूड कुजू नये म्हणून झाड पारदर्शक पत्र्याखाली असायचं. पाऊस लागत नव्हता म्हणून पावसाळा निभावत होता. हा धागा डोळ्यांसमोर होता, आणि मी मात्र म्हणत होते, “बघा, पावसाळा कसा मानवतो!”

परदेशी व्हिडिओंचाही यात थोडा हात आहे. जपानचं मोठं कोकुफू बोन्साय प्रदर्शन १९३४ पासून तोक्योच्या उएनो भागात भरतं, तेही फेब्रुवारीत. तिथे तेव्हा झाड गारठून झोपलेलं असतं. झोपलेल्या झाडावर शेवटच्या महिन्यात केलेली बरीच कामं खपून जातात. पुण्यात जानेवारीत पहाटे १० अंश आणि दुपारी ३० असतात. आपलं झाड पेंगतं, झोपत नाही. त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

दुरुस्ती

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाड कुंडीतून काढलं. त्या वर्षीच्या प्रदर्शनाला नेलंच नव्हतं. दोन दिवस आधी पाणी बंद केलं, म्हणजे माती मुळांपासून सुटते. उजवी बाजू अजिबात उकरली नाही. डावीकडून बांबूच्या टोकदार काडीने गोळा फोडत गेले, बाहेरून आत, मुळांच्या दिशेने, आडवं नाही. आतली माती राखाडी-काळी होती. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं तर त्याची साल मोज्यासारखी सरकून हातात आली, आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरला. कुजलेल्या मुळाची खूण ही. निरोगी मुळाची साल घट्ट असते, टोक पांढरट असतं, आणि आसपास पांढऱ्या बुरशीचं जाळं असेल तर अळंबीचा वास येतो. ती बुरशी झाडाच्या कामाची असते, धुवून टाकू नका. उजवीकडे ती भरपूर दिसली, तेव्हा जिवात जीव आला.

कुजलेली मुळं कात्रीने काढली, गोळ्याचा साधारण दोन तृतीयांश भाग काढला, पाण्याच्या बारीक धारेने उरलेला चिखल सोडवला. खोडाच्या अगदी खालचा भाग तसाच ठेवला, तो पुढच्या फेब्रुवारीसाठी. जुन्या जुनिपरची सगळी मुळं एका दिवसात उघडी करायचा मोह टाळा. असं केलेली झाडं सहा महिने हिरवी राहून सातव्या महिन्यात एकदम गेलेली मी पाहिली आहेत.

भरायला विटेचे ३ ते ५ मिलिमीटरचे चाळलेले खडे दोन भाग आणि काळ्या दगडाची कच एक भाग. चाळणीखालची पूड टाकून द्या, जीव लावू नका, तुंबवते तीच. वीट पक्की भाजलेली हवी. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटाने चोळा. पाणी लाल झालं आणि तुकडा झिजला तर ती कच्ची आहे, कुंडीत तिचाही चिखलच होणार. शेवटी झाड तारेने कुंडीला घट्ट बांधलं. वाऱ्याने खोड हललं तरी कोवळी मुळं तुटतात. चार आठवडे अर्ध्या सावलीत, पानांवर फवारा, मातीला बेताचंच पाणी. वर्षभर खत हलकं, छाटणी नाही, वायरिंग (तार गुंडाळून फांद्या वळवणं) नाही. बुरशीनाशक ओतायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी ओतलं नाही. गोळा आणि ओल तशीच असेल तर औषध कशावर काम करणार?

त्या डिसेंबरात पुन्हा तीन काड्या खुपसल्या. तिन्ही सारख्याच दमट निघाल्या. फांदी हिरवी. तिची एक उपफांदी आधीच वाळली होती, ती काही परत आली नाही. पकडीने तिची साल सोलून जिन (वाळक्या फांदीचं उघडं पांढरं लाकूड) केला, आणि खरं सांगायचं तर ती फांदी आता आधीपेक्षा चांगली दिसते.

जानेवारीतल्या प्रदर्शनाची कामं मी आता कधी करते

पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनासारखी बरीच प्रदर्शनं जानेवारीच्या आसपास असतात, म्हणून हिशेब तिथून मागे मोजलाय. कुंडी बदलायची असेल तर आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. अकरा महिने आधी. प्रदर्शनासाठी म्हणून डिसेंबरात कुंडी बदलणं मी पूर्ण सोडलं.

लाइम सल्फर (उघडं लाकूड पांढरं करणारं चुना-गंधकाचं द्रावण) एप्रिल-मे महिन्यात. जिन-शारी आधी टूथब्रशने घासून ओली करायची, ओल्या लाकडात द्रावण आत शिरतं. मातीवर आणि जिवंत शिरांवर प्लास्टिक झाकायचं. वास सडक्या अंड्यांचा, म्हणून उघड्या गच्चीवरच, हातमोजे घालून, आणि व्हिनेगर वा कुठलंही आम्ल जवळपास नको, विषारी वायू निघतो. लावल्यावर पिवळं दिसतं, उन्हात सुकत पांढरं होतं. पहिले काही आठवडे ते चुन्याने रंगवलेल्या भिंतीसारखं भडक पांढरं असतं, डोळ्यांत खुपतं. एप्रिलमध्ये लावलं तर जानेवारीपर्यंत ते मऊ राखाडीकडे झुकतं. प्रदर्शनाच्या आठवड्यात लावलेलं लांबूनच ओळखू येतं.

पॅड विरळ करणं आणि वायरिंग सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरताना. लांबलेले कोंब कात्रीने बुडाशी कापायचे. बोटांनी सगळी टोकं खुडायची जुनी पद्धत मी सोडली. जुनिपरचा जोर टोकांत असतो, सगळी टोकं एकदम गेली की ते थकतं, खुडलेल्या जागी तपकिरी होतं आणि मग काटेरी पालवी फेकतं. काटेरी पालवी आलीच तर रागाने छाटू नका, छाटलीत तर आणखी काटेरी येईल. वाढू द्या, टोकाला परत खवल्यांची पानं आली की मगच मागचा काटेरी भाग काढा. याला वर्ष-दोन वर्षं लागतात. आणि पाला कमी केला त्याच दिवशी पाणीही कमी करा. हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवते.

डिसेंबरात कात्री बंद. शिरांवरची सुटी साल ओली करून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासायची. खालून तांबूस-तपकिरी रंग निघतो आणि शेजारच्या पांढऱ्या शारीपुढे तो असा उठतो की दुसऱ्या सजावटीची गरज राहत नाही. कुंडीवर टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरचं फडकं फिरवा, थेंब मातीत जाऊ देऊ नका. चमक यावी म्हणून खोबरेल लावू नका, दोन दिवसांत धूळ धरतं.

शेवाळ आता शेवटच्या आठ दिवसांतच. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून पातळ पापुद्रे काढून, सुकवून, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवते. लावायच्या आदल्या दिवशी भिजवायचे, वरची अर्धा सेंटिमीटर माती काढायची, म्हणजे शेवाळ कुंडीच्या काठाच्या वर येत नाही, आणि चिमट्याने लहान लहान तुकडे बसवायचे. एकच मोठा पापुद्रा गालिचासारखा दिसतो. डाव्या कोपऱ्यात शेवाळाखाली एक बांबूची काडी आडून राहील अशी ठेवते. फवारा मारायच्या आधी ती ओढून बघायची, ओली निघाली तर फवारा फक्त पानांवर.

हॉलमध्ये तीन-चार दिवस ऊन नाही, वर एसी किंवा पंखा. सकाळी दारं उघडायच्या आधी पानांवर फवारा पुरतो. घरी आल्यावर थेट उन्हात ठेवू नका, चार-पाच दिवस शेडनेटखाली. आणि कितीही दमलेले असले तरी शेवाळ शेवटच्या दिवशी रात्रीच काढते. ट्रे जेवणाच्या टेबलावर, खाली वर्तमानपत्र, आणि चिमटा.